साठाला सत्तावन्न

“आधी खाली उतरा साहेब. तुम्ही वर उभे राहिलात तर मी तपासू काय? तुमचं पोट?”

“अहो, सहज बघत होतो. अठ्ठ्याऐंशी दाखवतोय. एवढा कधी झालो मी?”

“अठ्ठ्याऐंशीवर जाऊ नका. हा खोटा बोलत असेल तर तुम्ही नव्वदच्याही पुढं असाल. उतरा.”

तुरुंगाचे मोठे साहेब काट्यावरून उतरले आणि पट्टा एक घर आत घ्यायला लागले. घेता आला नाही.

खोली तुरुंगाच्या दवाखान्याची. एक लोखंडी खाट, एक कपाट, कपाटाला कुलूप, आणि कुलपाची चावी कपाटाच्याच डोक्यावर. कोपऱ्यात माणसं तोलायचा जुना दांडीचा काटा. खाली उभं राहायला लोखंडी फळी, वर आडवी दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. दांडी मधोमध तरंगली की आकडा वाचायचा. असा काटा तीन पिढ्या चालतो, फक्त शहाण्या माणसांपासून त्याला लांब ठेवावं लागतं, असं छटाकमामाचं म्हणणं.

मामाला सगळं गाव छटाक म्हणायचं, कारण अंगानं तो तेवढाच होता. बावन्न किलो. हे बावन्न लग्नाच्या आधीपासून इकडचं तिकडं झालं नव्हतं. बायकोनं पस्तीस वर्षं वाढून वाढून बघितलं आणि मग तिनं तो नाद सोडला. धंद्याला मात्र हे वजन उपयोगी पडायचं. कुठल्याही दुकानात शिरला की मामा आधी स्वतः काट्यावर चढायचा, आणि बावन्न आलं नाही की दुकानदाराकडं बघायचा. दुकानदार रस्त्याकडं बघायचा. काटे दुरुस्त करायचं काम बापाकडून आलेलं. वजनमाप खात्याचा परवाना असलेला आता गावात तो एकटाच उरला होता. बाकीच्यांनी बॅटरीवरचे काटे विकायची दुकानं टाकली.

तुरुंगाच्या काट्यावर मामा चढला. एकोणपन्नास.

“उपास केला का काय?” साहेब म्हणाले.

रिक्षातून आणलेली वीस वीस किलोंची तीन मापं मामानं फळीवर मांडली. साठ किलो. दांडीनं सत्तावन्न सांगितलं. उतरवली, पुन्हा मांडली. सत्तावन्न.

“एवढं निकडीचं काय होतं?” मामानं विचारलं. “तुमच्या धान्याच्या काट्यांची वर्षाची तपासणी तर अजून लांब आहे. हा दवाखान्यातला मला कधी दाखवला नव्हतात.”

साहेबांनी दार लोटून घेतलं. येत्या मंगळवारी बारा नंबरच्या कोठडीतल्या माणसाला फाशी होती. दोर किती सोडायचा ते वजनावर ठरतं. हलक्या माणसाला लांब, जड माणसाला आखूड. त्याचा एक तक्ता असतो. डॉक्टर नवीन होता, त्यानं तक्त्याखाली सही करायच्या आधी विचारलं, काटा शेवटचा कधी तपासला? कुणाला सांगता आलं नाही.

“तीन किलोंनी काय फरक पडतो?”

“किलोला साधारण दोन बोटं,” साहेब म्हणाले.

मामानं मनात सहा बोटं मोजली आणि गुडघे टेकून फळी उचकटायला घेतली. एवढ्यात दवाखान्यावरचा म्हातारा शिपाई आत आला.

“काका, या फळीवर कधी काही अंथरलं होतं का?”

“घोंगडं होतं की. चौपदरी. कैदी अनवाणी येतात, थंडीत लोखंड पायाला चावतं. एकजण तर उभाच राहीना, सारखा नाचायचा. नाचणाऱ्या माणसाचं वजन कसं घेणार? म्हणून मी टाकलं.”

“आणि घोंगड्याचं वजन?”

“ते वजा करायला कंपाउंडरनं मागचा नट फिरवला. हुशार होता.”

“घोंगडं कुठंय?”

“कुजलं. टाकून दिलं.”

“आणि नट?”

शिपायानं नटाकडं पाहिलं. नट जागेवरच होता.

“कधी टाकलंत घोंगडं?”

“झाली असतील चार वर्षं.”

मामानं साहेबांकडं पाहिलं. “मधल्या काळात कुणाला फाशी दिली?”

“एकाला.”

“मग?”

“दोर लांब पडला,” शिपाई म्हणाला. साहेबांनी त्याला चहा सांगायला पिटाळलं. चहा तीन आले. साहेबांचा निवला, शिपायाचा निवला. मामानं आपला प्याला.

नट फिरवून दोन किलोंची चूक गेली. उरलेल्या एका किलोचं दुखणं आतलं होतं. दांडी ज्या पोलादी धारेवर झुलते ती धार बोथट झाली होती. ती धारेची पट्टी काढून मामानं फडक्यात गुंडाळली. “ही दुकानात नेऊन घासावी लागेल. दोन दिवस. तोवर काटा मेलेला समजा.”

“चिठ्ठी आत्ताच करून द्या ना.”

मामाच्या चिठ्ठीत दोन रकाने असत. सापडला तेव्हा, आणि सोडला तेव्हा. काटा हातात आला तेव्हा काय दाखवत होता ते पहिल्यात, दुरुस्त होऊन गेला तेव्हा काय दाखवतो ते दुसऱ्यात. खाली सही. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक वजनमाप खात्याला.

“दुसरा रकाना भरा,” साहेब म्हणाले. “पहिला राहू द्या रिकामा. कशाला उगाच जुनं उकरायचं?”

मामा म्हणाला, “परवा बघू.”

*

घरी बायकोनं फडकं उघडून पाहिलं. “कुठल्या काट्याची?”

मामानं सांगितलं.

“उचला. आधी उचला ती माझ्या ओट्यावरून.”

“अगं, वीतभर लोखंड आहे ते.”

“मला नका शिकवू. आणि ते घासून दिलंत तर तो माणूस मरणार का?”

“नाही घासलं तरी मरणार. फक्त नीट मरणार नाही.”

बायको बराच वेळ भांडी लावत राहिली. लावलेलीच भांडी तिनं पुन्हा लावली. “घासून दिली तर आपल्या माथी पाप आहे का नाही, तेवढं विचारून या. मग हात लावा. तोवर तुमचं ताट मी वाढते, पण तुम्ही लांब बसा.”

“विचारू कुणाला?”

“तुमची एवढी देवाधर्माची गिऱ्हाइकं आहेत. कुणाचा तरी देव बोलेल.”

यात खोट नव्हती. देवळाच्या कोठीतला धान्याचा काटा मामाकडं, चर्चच्या अन्नछत्राचा मामाकडं, मशिदीच्या आवारातला, गरिबांना पीठ वाटायचा, तोही मामाकडं. तिघांचेही काटे धुळीनं सारखेच बिघडायचे.

देवळातल्या गुरुजींना प्रश्न विचारलेला आवडायचा, कारण दिवसभर लोक त्यांना फक्त वेळ विचारत. त्यांनी मामाला पायरीवर बसवलं.

“हे बघ छटाक, स्मृतीत साफ सांगितलंय. राजानं दंड दिला की पाप धुतलं जातं. गुन्हेगार स्वच्छ होऊन पुण्यवंतासारखा स्वर्गाला जातो. दंड न देणारा राजाच पापात पडतो. तू तर राजाही नाहीस. तू लोखंड घासणारा.”

“म्हणजे घासू?”

“थांब की. जुन्या पोथीत एक राजपुत्र आहे. बाप चोरांना मारायला काढतो तेव्हा तो आडवा पडतो. म्हणतो, एकाला मारलंत की त्याची बायको, पोरं, आईबाप सगळेच मारलेत. त्यांचा काय गुन्हा? आणि वाईट माणसाच्या पोटीही चांगलं पोर येतं, मुळासकट उपटू नका.”

“मग बाप काय म्हणाला?”

“बाप म्हणाला, पूर्वी लोक चांगले होते, नुसतं ‘शी’ म्हटलं तरी पुरायचं. आताचे मारल्याशिवाय ऐकत नाहीत.”

“हे पूर्वी म्हणजे कधी?”

“तेव्हाही पूर्वीच.”

“मग पोथी कुणाच्या बाजूनं आहे, गुरुजी?”

“दोघांच्या. म्हणून तर एवढी जाड झाली.” गुरुजी उठले. “आमचा काटा बघून जा आलाच आहेस तर. उंदीर शिरलाय वाटतं.”

उंदीर नव्हता, झुरळ होतं. ते काढून मामा चर्चला गेला.

फादर पोती उतरवत होते. मामाचं बोलणं त्यांनी पोतं खांद्यावर ठेवूनच ऐकलं. “आमचा देवच शिक्षा होऊन मेलेला, मामा. शिक्षा देणाऱ्यांच्या बाजूनं मी कोणत्या तोंडानं बोलू? आमच्या सगळ्यात वरच्यांनी सांगितलंय, कुणालाही नाही म्हणजे नाही.”

“हे आधीपासून असंच?”

फादरनी पोतं खाली ठेवलं. “नाही. आधी आमचेच लोक पुस्तक घेऊन शेजारी उभे राहायचे. आशीर्वाद द्यायचे. त्याच पुस्तकातून दाखवायचे, रक्त सांडणाऱ्याचं रक्त माणसानंच सांडावं.”

“मग तेव्हा गेले त्यांचं काय?”

“त्यांच्यासाठी प्रार्थना करतो.”

“त्यांना कळतं का?”

“पोत्याला हात लावा जरा,” फादर म्हणाले. मामानं लावला. बावन्न किलोच्या माणसानं पन्नास किलोचं पोतं उचलायचा हा प्रकार थोडा वेळ चालला आणि मग फादरनी ते एकट्यानंच उचललं.

मशिदीतले मौलवी चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधत बसले होते. त्यांना मामानं सगळं सांगितलं, घोंगड्यासकट.

“आमच्यात जिवाला जीव आहे,” मौलवी म्हणाले. “कायदा आहे, खोटं सांगणार नाही. पण मारा म्हणायचा हक्क मेलेल्याच्या वारसांचा. त्यांनी माफ केलं तर मान वाचली. आणि माफ करणाऱ्याला मोठं फळ सांगितलंय. तुम्ही गुरुजींना विचारलंत, फादरना विचारलंत, मला विचारलंत. आम्हा तिघांचं या माणसानं काय बिघडवलंय?”

“काही नाही.”

“मग ज्या बाईचं बिघडवलंय तिला विचारलंत का?”

ती बाई मामाला ठाऊक होती. तिचा पाचशे किलोचा काटा गेली वीस वर्षं तोच बघत होता. म्हणूनच तो तीन देवांच्या दारातून फिरून आला होता.

*

बाईचं भंगाराचं गोदाम होतं. लोक तिला ताई म्हणत, वयानं मोठे असले तरी. अकरा वर्षांपूर्वी तिचा थोरला गोदामात झोपला होता. तांबं चोरायला आलेल्या त्यांच्याच हमालाला वाटलं, यानं ओळखलं. ओळखलं होतं की नाही हे कुणालाच कळायचं नव्हतं. तोच हमाल आता बारा नंबरमध्ये होता.

ताई पत्र्याचे डबे पायानं चेपत होती. मामानं उभ्याउभ्याच सांगितलं. काटा, धार, दोन रकाने. पहिला रकाना भरला तर कागद वर जाईल, चौकशी लागेल, मंगळवार टळेल, हेही सांगितलं.

“टळेल म्हणजे किती?”

“ते मला कसं कळणार, ताई?”

तिनं आणखी एक डबा चेपला. “अकरा वर्षांत मला कुणी काही विचारलं नाही. कोर्टानं एकदा विचारलं, फोटोतला हा तुमचाच मुलगा का. हो म्हटलं. संपलं. आणि आता तू विचारायला आलास, काटेवाला.”

“मौलवी म्हणाले, तुम्ही माफ केलं तर...”

“मौलवीला सांग, माझं मन काय रोज एका ठिकाणी नसतं. सोमवारी वाटतं माझ्याच हातानं दोर ओढावा. गुरुवारी त्याची आई दिसते बाजारात. ती मला बघून गल्ली बदलते, म्हातारी, पाय फरफटत. तेव्हा वाटतं, जाऊ दे, जगू दे त्याला. शुक्रवारी पुन्हा सोमवार.” तिनं हात पदराला पुसले. “मला आता हे संपायला हवंय. मेला तर मेला, सुटला तर सुटला, पण तारखा नकोत. दर तारखेला मी गोदाम बंद ठेवते. आणि तू म्हणतोस आणखी तारखा.”

“चिठ्ठीत लिहायचं ते मी...”

“खोटं लिहिणारेस?”

“वजन कधी खोटं लिहिलं नाही.”

“मग माझ्याकडं आलास कशाला? मी म्हणावं, लिही बाबा, आणि तू मोकळा? नाही म्हणणार. जे खरं असेल ते लिही आणि माझे शिव्याशाप घे. दोन्ही उचल. एक ठेवून जाऊ नकोस.”

आणि तिनं शिव्या दिल्या. नुसतं म्हणण्यापुरत्या नव्हे, चांगल्या मोठ्यानं, बापापासून सुरुवात करून. हमाल काम थांबवून ऐकत होते. मामा शेवटपर्यंत उभा राहिला, मधेच निघून जाणं बरं दिसलं नसतं.

त्या दुपारी त्यानं धार घासली. बायकोला सांगितलं, तिघांचं एकमत नाही आणि चौथीनं आईबाप काढले. बायको म्हणाली, “मग लांबच बसा.”

*

तिसऱ्या दिवशी पट्टी बसली. साठाला साठ. मामा स्वतः चढला, बावन्न. साहेब जवळ आले नाहीत.

“माणूस आणतो,” शिपाई म्हणाला. “डॉक्टरांना आजचं वजन हवंच आहे.” आणि मामानं काही म्हणायच्या आत तो बारा नंबरला घेऊन आला, मागोमाग डॉक्टरही.

चाळिशीचा माणूस, केस बारीक कापलेले, नखं स्वच्छ. अनवाणी फळीवर चढला, लोखंड गार लागलं तसे अंगठे वर घेतले. मामानं दांडीवरचं वजन सरकवलं. दांडी तरंगली.

माणसाचं वजन घेतलं की मामाच्या तोंडून एक वाक्य आपोआप जायचं. चाळीस वर्षांची सवय. तेच गेलं.

“एकसष्ट. झकास आहे तब्येत.”

शिपाई खोकला. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मामाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बारा नंबर मात्र दांडीकडंच बघत होता. “गेली चार वर्षं अठ्ठावन्न भरतोय मी.”

“काटा चुकलेला होता.”

“आलो तेव्हा एकसष्ट होतो. मग तीन किलो गेले. मला वाटलं...” तो थांबला. “तुरुंगात प्रवचनाला येणाऱ्या महाराजांना मी सांगितलं होतं, पश्चात्तापानं झडतोय म्हणून. ते म्हणाले, चांगलं लक्षण आहे.”

“घोंगड्यानं झडला होतात,” मामा म्हणाला.

“म्हणजे माझं काहीच गेलं नव्हतं?”

काट्यावर जे दिसतं तेवढंच मामा सांगू शकत होता, आणि ते त्यानं सांगून झालं होतं. “उतरा आता,” तो म्हणाला. “हळू. फळी डोलते.”

माणूस उतरला. दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, “आणखी एकदा बघता का?”

मामानं आणखी एकदा बघितलं. एकसष्टच.

ते गेल्यावर साहेब जवळ आले. मामानं चिठ्ठ्यांचं पुस्तक खाटेवर ठेवून लिहायला घेतलं. सापडला तेव्हा: साठाला सत्तावन्न. चूक केव्हापासून: अंदाजे चार वर्षं. सोडला तेव्हा: साठाला साठ.

“मामा, याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? मंगळवार जाईल. आणि मागचा तो... त्याचीही चौकशी लागेल.”

“लागेल.”

“तुम्ही फाशीच्या विरोधात आहात का?”

“ते तीन ठिकाणी विचारून आलो. जमलं नाही.”

“मग बाजूनं आहात?”

“तसंही नाही. त्या बाईला तुमच्यापेक्षा मी जास्त ओळखतो.”

“मग रकाना मोकळा सोडायला काय जातं तुमचं?”

मामानं खरंच विचार केला. साहेबांना वाटलं, वळतोय. “बायको अजून लांब बसवते,” मामा म्हणाला. “हे खोटं लिहिलं तर तिला काय सांगू ते सुचत नाही.” आणि सही केली. एक प्रत साहेबांच्या हातात दिली. ती त्यांनी उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरली. दुसरी खात्याच्या पाकिटात घालून, जाताजाता, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकली. पेटीचं झाकण गंजलं होतं, दोनदा ढकलावं लागलं.

मंगळवार टळला. पेपरात चार ओळी आल्या: तांत्रिक कारणास्तव, पुढील आदेशापर्यंत. फादरनी त्या रविवारी देवाचे आभार मानले. गुरुजी म्हणाले, राजपुत्राचं ऐकलं म्हणायचं. मौलवींनी तेवढं विचारलं, त्या बाई कशा आहेत. ताईनं आपला काटा परगावच्या माणसाकडं द्यायला सुरुवात केली होती. त्यानं लावलेला काटा शंभराला दोन किलो खातो हे मामाला रस्त्यावरून जाताना नुसत्या दांडीच्या झोक्यावरून दिसायचं. सांगायला तो दोनदा गेला. दोन्ही वेळा तिनं गोदामाचं दार लावून घेतलं. तुरुंगाच्या धान्याच्या काट्यांची वर्षाची तपासणीही दुसऱ्या कुणाकडं गेली. बायकोनं मात्र एक दिवस न बोलता त्याचं ताट पुन्हा आपल्या शेजारी मांडलं, आणि वाढताना जरा जास्तच वाढलं.

आदेश अजून आलेला नाही. यायचा की नाही, आणि आला तर कुठला, हे मामा कुणाला विचारत नाही.

काल सकाळी दुकान उघडून तो बाकावर टेकतो न टेकतो तोच मासळीवाली आली. पारड्याचा काटा तिनं धाडकन समोर आदळला.

“मामा, हा मेला झुकतोय एका बाजूला. गिऱ्हाइकं भांडतात माझ्याशी.”

मामानं चष्मा लावला, पारडं उलटं केलं. खाली मेणाचा सुपारीएवढा गोळा नीट दाबून बसवला होता.

“हे काय?”

“अगंबाई! कसं चिकटलं असेल?”

“आपोआप.”

“आपोआपच की.”

“बरं,” मामा म्हणाला, आणि पटाशी घेऊन मेण खरवडायला लागला.